बोरूच्या बेटातल्या म्हाताऱ्या

मला राग आला की माझा आवाज चढतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आमचे हे लगेच म्हणतात, "अगो, हळू बोल, शेजारी ऐकतील." आता सौदीतल्या हुफूफ शहराच्या बाहेर, खजुराच्या बागेच्या अगदी टोकाला आमच्या दोन खोल्या. शेजार म्हणजे एक पंपाची खोली आणि जाळीतले तीनशे पक्षी. ऐकू देत की! त्या पक्ष्यांसाठी ह्या माणसाने चोवीस वर्षं घातली, त्यांनी नाही ऐकायचं तर कोणी ऐकायचं?

पक्षी म्हणजे फेझंट. अरबीत तद्रुज म्हणतात. आम्ही घरात रानकोंबडेच म्हणायचो, कारण दिसायला आपल्या रानकोंबड्याच्या नात्यातलेच. नर म्हणजे नुसता नवरदेव: तांबूस सोनेरी छाती, गळ्यात पांढरी पट्टी, डोळ्यांभोवती लालभडक कातडी, हातभर शेपटी आणि पायामागे टोकदार काटा. मादी बिचारी मातकट. आमच्या कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा त्या मालकाला, शिकारीचा शौक. हे आले होते त्याच्या खजुराच्या कारखान्यात फ्रीजचे मेकॅनिक म्हणून. एकदा अंडी उबवायचं मशीन बिघडलं, यांनी ते दुरुस्त केलं, आणि मग पक्षी गळ्यात पडले ते पडलेच. इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, धंदा 'टेक्निशियन' लिहिलेला, म्हणून तर बायकोला आणायची परवानगी मिळाली आणि मी तिथे गेले. नाहीतर मी आपली कोकणात खाडीकाठी मासळी सुकवत बसले असते.

थंडी पडली की पाहुणे यायचे. बागेच्या मागे सांडपाण्याचं तळं होतं, त्याच्या काठाला डोक्याच्या वर वाढलेलं बोरूचं बेट. जाळीतून निसटलेले पक्षी वर्षानुवर्षं तिथे राहून पार जंगली झाले होते. शिकार त्यांचीच व्हायची. मालकाचा एकच नियम होता, फक्त नर मारायचे, मादीला हात लावायचा नाही. मादी मारली की त्या पाहुण्याची वर्षभर थट्टा.

ह्या पाहुण्यांनाच दोन-तीन हिवाळे एक चमत्कारिक गोष्ट दिसत होती. नर म्हणून मारलेला पक्षी हातात घेतला की धड नर वाटायचा नाही. छाती सोनेरी, पण पाठीवर मातकट पिसांचे ठिपके. गळ्यातली पट्टी अर्धीच. डोळ्यांभोवतीचा लाल रंग नावापुरता. आणि पाय बघावेत तर बारीक, नाजूक, काट्याचा पत्ता नाही. एक पाहुणा म्हणे, ही डोंगरातली वेगळी जात आहे, माझ्या आजोबांनी पाहिली होती. दुसरा म्हणे, इराणातून उडत आली असेल. एकाने तर पेंढा भरून दिवाणखान्यात ठेवली. मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, काहवा पिता पिता हाच विषय. मी आत स्वयंपाकघरात पिसं उपटत ऐकायची आणि मनात म्हणायची, बोला बाबांनो, तुम्हाला काय उद्योग आहेत दुसरे!

शिकारीच्या दिवशी मला हमखास बोलावणं असायचं. भात-मांस करायला बांगलादेशी आचारी होता, पण पक्षी साफ करायला मीच. कातडी न फाटता पिसं काढणं हे सोपं काम नव्हे.

आता त्या वर्षाचं सांगते. सौदीकरणाचा जोर होता. कारखान्यात आपल्या देशाची माणसं किती आणि परक्या देशाची किती, ते मोजून सरकार कंपनीला रंग द्यायचं. हिरवा असला तर निभावलं. लाल झाला की परक्यांचे इकामे अडकले, आणि इकामा नवा झाला नाही तर गाशा गुंडाळायचा. आमची कंपनी लाल झाली. आमचा इकामा फेब्रुवारीत संपत होता आणि आमच्या धाकटीची दहावीची परीक्षा मार्चात. तेवढी एक परीक्षा होऊ दे, मग घाला आम्हाला बाहेर, एवढंच माझं मागणं होतं. मुलगी म्हणायची, "अम्मी, प्लीज, टेन्शन मत लो." टेन्शन मत लो! हिला काय, हिचं वर्ष गेलं तर रडणार मीच.

त्यातच यांच्या डोक्यावर एक नवा साहेब आणून बसवला. सौदी पोरगा, पंचविशीचा, शेतकी कॉलेजात शिकलेला, पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा झगा. पक्ष्यांची सगळी माहिती यांनी त्याला द्यायची आणि त्याने ती वहीत लिहायची. हे त्याला इमानेइतबारे शिकवत होते. मी म्हटलं, "अहो, ज्या फांदीवर बसलात तीच तोडताय." तर म्हणाले, "पक्ष्यांना काय कळतं कोण सौदी आणि कोण हिंदी? ते उपाशी राहता कामा नयेत." ह्या असल्या बोलण्याने माझ्या अंगाची लाही लाही होते.

जानेवारीतली सकाळ होती. पाहुणे आठ-दहा असतील. दहाच्या सुमाराला आचाऱ्याने टोपली आणून माझ्यापुढे ठेवली आणि डोळे मोठे करून म्हणाला, "भाभी, बाहर बहुत गडबड है." टोपलीत चार पक्षी, आणि त्यातले तीन तसलेच, धड नर नाहीत नि धड मादी नाहीत. बाहेर मजलिसमध्ये आवाज चढले होते. भिंत पातळ, सगळं ऐकू येत होतं. एक पाहुणा म्हणत होता की हे पक्षी खाण्यालायक आहेत का ते आधी सांगा. नवा साहेब अगदी पुस्तकी अरबीत म्हणाला की हा हार्मोनचा परिणाम दिसतो, खाद्यातून किंवा सुईतून काहीतरी दिलं गेलं असणार, त्याशिवाय मादीच्या अंगावर नराची पिसं येत नाहीत. आणि मग मालकाचा आवाज, यांच्या नावाने. "तू काय खायला घातलंस माझ्या पक्ष्यांना?"

हे गप्प. मी कान टवकारून बसले, आता बोलतील, आता बोलतील. कसलं काय, मूग गिळून उभे!

"चोवीस वर्षं तुला पोसलं ते पाहुण्यांसमोर माझी अब्रू घालवायला?" मालक म्हणाला. "खलास. तुझा इकामा होणार नाही. घरी जायची तयारी कर."

या अल्ला! माझ्या हातात नेमका त्यातलाच एक पक्षी होता. सुई? ह्या माणसाने? जो पिल्लाला सर्दी झाली तर रात्रभर बल्ब जवळ धरून बसतो, तो सुया टोचणार? मी सुरी घेतली आणि पक्षी उघडला. आणि पाहते तर काय, आत सगळं उघड लिहिल्यासारखं.

माझ्या आईने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. आमच्याकडे कोंबडी आरवली की अपशकुन मानतात. घराचं वाईट होतं म्हणतात, आणि तिथल्या तिथे मान मुरगळतात. हिंदूंकडेही तसंच आणि आमच्याकडेही तसंच, त्यात मात्र सगळ्यांची एकी. आमची एक जुनी कोंबडी अशीच एका पावसाळ्यात आरवायला लागली, तिच्या शेपटीला कोंबड्यासारखी वाकडी पिसं फुटली. वाडीतल्या माणसांनी आरडाओरडा केल्यावर आईला ती कापावी लागली. पण कापल्यावर तिने मला जवळ बोलावून दाखवलं. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या पोटात पाठीला चिकटून बारीकमोठ्या पिवळ्या दाण्यांचा घोस असतो. हिच्या पोटात तो सुकून काळपट गाठ झाला होता. आई म्हणाली, "बघ, हिचं अंडं घालायचं वय सरलं. आतलं आटलं म्हणून वरून कोंबड्याचं सोंग आलं. ह्यात कसला आलाय अपशकुन? म्हातारपण आहे ते."

माझ्या हातातल्या पक्ष्याच्या पोटात तीच सुकी गाठ होती. दुसरा उघडला, त्यातही तीच. तिसऱ्यातही. आणि पायाच्या खवल्यांत रुतलेली, विटून पांढरी पडत आलेली निळी प्लास्टिकची कडी. हे दर वर्षीच्या पिल्लांना वेगळ्या रंगाची कडी घालायचे. निळा रंग कोणत्या सालचा ते मला पाठ होतं, कारण त्या साली आमच्या धाकटीला शाळेत घातली होती.

खरं सांगू? मला त्या पक्ष्यांचा कळवळा आला त्याला आणखी एक कारण होतं. त्याच वर्षी माझी पाळी गेली होती. अंगातून गरम वाफा निघायच्या, झोप नाही, आणि हनुवटीवर दोन राठ केस उगवले होते, ते मी आरशात बघून चिमट्याने उपटायची. आणि तिकडे आठ-दहा पुरुष काहवा पीत एका म्हाताऱ्या बाईच्या अंगावरच्या पिसांची चर्चा करत होते. डोंगरातली जात म्हणे! इराणातून आली म्हणे! मेल्यांनो, घरी आईकडे बघा, आजीकडे बघा.

मी बुरखा सारखा केला, तिन्ही पक्षी ताटात ठेवले आणि उठले. आचारी म्हणाला, "भाभी, उधर मत जाओ." बायकांनी मजलिसच्या दारात जायचं नसतं, हे मला चोवीस वर्षांनंतर कोणी शिकवायची गरज नव्हती. पण पाय थांबले नाहीत. दारात उभी राहिले तशी सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला बरंच झालं, तोंडं बघावी लागली नाहीत.

माझं अरबी भाजीबाजारातलं. तेवढ्यावरच बोलले. "शेख, कोणी सुई टोचलेली नाही. ही अजूज आहे. म्हातारी. तिन्ही म्हाताऱ्या. हे बघा, ह्यांच्या पोटात अंडी नाहीत, सुकलंय सगळं. म्हातारी झाली की मादीला नराची पिसं येतात. माझ्या आईच्या कोंबडीला आली होती. ही कडी बघा, दहा वर्षांची आहे. दहा वर्षं हिने तुम्हाला पिल्लं दिली. आता पिसं बदलली तर लगेच हिला रोग झाला? आणि ज्याने हिला वाढवलं तो चोर?"

नवा साहेब पुढे आला, ताटात वाकून बघायला लागला. बराच वेळ बघत होता. मग मान वर न करता म्हणाला, "हे खरं असू शकतं. पुस्तकात होतं. मी विसरलो." पोरगं प्रामाणिक होतं, तेवढं म्हणायलाच हवं. पण पुढे त्याने विचारलं, "मग ह्या सगळ्या बोरूत कशा? जाळीत एकही नाही. जाळीतल्या म्हाताऱ्या माद्यांना वय झालं की कापायचं असा हुकूम आहे."

मी यांच्याकडे बघितलं. यांचा चेहरा बघितला आणि मला उमगलं. हा माणूस भीतीने गप्प नव्हता!

"मी सोडल्या," हे म्हणाले. हळूच. "अंडी थांबली आणि पिसं बदलायला लागली की मी त्या बाहेर सोडायचो. रोज थोडं धान्य टाकायचो तळ्याकाठी."

"का?" मालकाने विचारलं.

"आमच्या गावी अशी कोंबडी दिसली की मान मुरगळतात. वाईट मानतात. मला वाटलं तुमच्याकडेही तसंच असेल. तुम्ही बघितल्या तर बोरूतल्याही सगळ्या मारायला सांगाल आणि म्हणाल माझ्या बागेत अपशकुन आणला. म्हणून लपवल्या."

झालं! म्हणजे ज्या चमत्कारिक जातीवर तीन हिवाळे मजलिसमध्ये खल चालला होता, ती जात आमच्या ह्यांनी घरचा अपशकुन परदेशी नेऊन स्वतःच तयार केली होती. मी तिथे ताट धरून उभी, आणि मला कळेना की नवऱ्याची बाजू घेऊ की त्याच्याच डोक्यात ताट घालू. चोवीस वर्षांत एकदा विचारायचं होतं ना, की बाबांनो, तुमच्याकडे आरवणाऱ्या कोंबडीला काय म्हणतात? एवढा शब्द तोंडातून फुटला नाही. आणि मला, लग्नाच्या बायकोलाही, सांगितलं नाही!

मालक मात्र हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्याने. पाहुणेही हसले. "अपशकुन?" तो म्हणाला. "आमच्याकडे म्हातारीला कोणी अपशकुन म्हणत नाही. माझी आई नव्वद वर्षांची आहे, तिच्या दाढीला माझ्यापेक्षा जास्त केस आहेत." सगळी मजलिस खदखदली. मग यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जा, काम कर. इकाम्याचं बघू." आणि माझ्याकडे न बघता, माझ्या दिशेने, "तुझी बायको डॉक्टर आहे."

त्या दिवशी मी घरी येऊन यांना दोन तास बोलले. कपडे घडी करता करता बोलले, भात टाकता टाकता बोलले. हे एकच म्हणाले, "अगो, त्यांनी किती वर्षं अंडी दिली. मला हात उचलवेना." मग मी ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी शिरा केला, पंपावरच्या माणसालाही वाटीभर दिला. मुलीला म्हटलं, कर आता अभ्यास, अब्बांचं काम झालं. पाच वेळच्या नमाजात मालकासाठीही दुवा मागितली. किती मूर्ख मी!

तीन आठवडे कोणी काही बोललं नाही. फेब्रुवारी लागला. एका दुपारी नवा साहेब दारात येऊन उभा राहिला, हातात कागद. नेहमी यांना बाहेर बोलावून घ्यायचा, त्या दिवशी घरापाशी आला. हे तळ्याकडे गेले होते. मी दार अर्धं उघडून विचारलं तर मला मावशी म्हणत म्हणाला, "खाला, हे त्यांना द्या. मला तोंडाने सांगवत नाही."

कागद कसला ते मला वाचता न येताही कळलं. खुरूज. कायमचं परत जा. मुलीच्या परीक्षेच्या अकरा दिवस आधीची तारीख.

"पक्ष्यांचं तर मिटलं होतं ना? मालक सगळ्यांसमोर हसला ना?" मी म्हटलं.

"पक्ष्यांचा काही संबंध नाही," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. "काढायच्या माणसांची यादी आधीच गेली होती. शिकारीच्या आधी. मालकांना तुमच्या माणसाला सांगायला जड जात होतं. त्या दिवशी राग आला तेव्हा त्यांना वाटलं, बरं झालं, कारण मिळालं. मग ते कारणही राहिलं नाही."

म्हणजे मी बुरखा सावरत, रक्ताच्या हातांनी, परक्या पुरुषांच्या मजलिसमध्ये जे बोलले, ते आधीच ठरलेल्या गोष्टीपुढे बोलले. तो हसला तेव्हाही त्याला ठाऊक होतं. खांद्यावर हात ठेवला तेव्हाही ठाऊक होतं!

"पण यांचंच नाव का?" मी ओरडलेच. "कारखान्यात एवढे परके आहेत. यांच्याइतका जुना कोण आहे?"

तो खाली बघत म्हणाला, "म्हणूनच. साठ पूर्ण झालेत त्यांचे. साठीच्या पुढचा परका माणूस आता मोजणीत दोन धरायचा असं सरकारकडून आलंय. त्यांना काढलं की दोन कमी होतात. लालमधून बाहेर यायला कंपनीला तेवढंच हवं आहे."

साठ! अहो, यांचं वय अठ्ठावन्न. पासपोर्टावर तारीख एक जून, कारण आमच्या पिढीत कोकणातलं निम्मं गाव एक जूनलाच जन्मलेलं. सासू शाळेत घेऊन गेली तेव्हा गुरुजींनी विचारलं, पोर कधीचं? तिने सांगितलं, मोठं तुफान झालं त्याच्या पुढच्या साली, की मागच्या साली. गुरुजींनी एक जून लिहिला आणि पहिलीत बसावा म्हणून दोन वर्षं चढवून दिली. कोणाचं काही बिघडलं नव्हतं आजपर्यंत. हे मी त्या पोराला कोणत्या अरबीत सांगणार होते?

तेवढ्यात हे तळ्याकडून आले. हातात धान्याचा रिकामा डबा. माझा आवाज ऐकून लगबगीने आले आणि म्हणाले, "अगो, हळू." मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना त्या पोरासमोर उभं केलं.

"हा एक माणूस आहे," मी म्हटलं. "चोवीस वर्षं मी ह्याला जेवायला वाढते आहे. एका वेळी एकच ताट. आता तू म्हणतोस दोन आहेत, तर दुसरा कुठे आहे तो दाखव मला. इतकी वर्षं तो उपाशी राहिला असेल."